भोसल्यांची बाजू आणि धारगळकरांची साक्ष

मराठीतील चरित्रकार, इतिहासलेखक आणि व्याख्याते यांस,



मी भिवंडीजवळच्या पूर्णा गावात राहतो आणि माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. आमच्या पाठ्यपुस्तकात आझाद हिंद सेनेच्या वाट्याला जेमतेम एखादं पान येतं. त्यापुढचं जे काही मुलांना कळतं ते आपल्या पुस्तकांतून, दिवाळी अंकांतल्या लेखांतून आणि दर २३ जानेवारीला सुभाषचंद्र बोसांच्या जयंतीनिमित्त होणाऱ्या भाषणांतून. म्हणून ही तक्रार मी शिक्षण खात्याकडे न नेता थेट आपल्याकडे घेऊन आलो आहे. आपल्याबद्दल आदर आहे, आपली पुस्तकं वाचूनच मी या विषयाकडे वळलो. पण गेली काही वर्षं एक गोष्ट मनाला फार लागून राहिली आहे आणि ती आता मांडायलाच हवी.

युद्धात कैद झालेला अधिकारी शत्रूला सामील झाला, असा ज्यांच्यावर ठपका आला त्या माणसांबद्दल मी बोलतो आहे. नववीतल्या एका मुलाने मला वर्गात सरळ विचारलं, "सर, शत्रूने पकडल्यावर त्याच्याच बाजूने लढला, तर तो फितूर नाही का?" प्रश्न उद्धट नव्हता. शिवकाळ शिकताना फितुरी म्हणजे काय ते आम्हीच त्याला शिकवलं होतं, त्याने ते पुढे लावून पाहिलं. त्याच्या प्रश्नाला धरून बोलणारं मराठी पुस्तक मी त्याच्या हाती देऊ शकलो नाही. आपल्या लिखाणात हे अधिकारी आझाद हिंद सेनेचा गणवेश घालूनच पहिल्यांदा दिसतात. त्याआधी ते कैदी होते, उपाशी होते, त्यांना त्यांच्याच सरकारने सोडून दिलं होतं, आणि त्यांच्या शेजारच्या बराकीत 'नाही' म्हणणारेही बसले होते, हे सगळं आपण गाळता.

तेव्हा आधी ते मैदान. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी जनरल पर्सिव्हल यांनी सिंगापूर जपान्यांच्या स्वाधीन केलं. दोनच दिवसांनी, १७ तारखेला, तिथल्या फॅरर पार्कवर सुमारे ४५,००० हिंदी सैनिक गोळा करण्यात आले. त्यांचे गोरे अधिकारी त्याआधीच वेगळे काढून चांगीच्या छावणीकडे रवाना झाले होते. लेफ्टनंट कर्नल हंट नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या सगळ्या माणसांना जपानी मेजर फुजिवारा यांच्या हवाली केलं आणि यापुढे यांचे हुकूम पाळा असं सांगितलं. मग फुजिवारा बोलले, त्यांच्या मागून कॅप्टन मोहनसिंग बोलले. ज्या सैनिकाने वीस वर्षं एका राजाची शपथ वाहिली, त्याला त्या राजाच्याच प्रतिनिधीने भर मैदानात दुसऱ्याच्या ताब्यात दिलं. पुढे सेनेच्या अधिकाऱ्यांवर लाल किल्ल्यात चाललेल्या खटल्यात आरोपी शाहनवाज खान यांनी आपल्या निवेदनात हा प्रसंग सांगितला होता. हे मैदान वगळलं की पुढचा निर्णय हवेतून आल्यासारखा वाटतो, आणि मुलांना मग दोनच खाने उरतात, देवमाणूस किंवा गद्दार.

आपल्याकडून माझी पहिली अपेक्षा एवढीच आहे की या माणसांची गोष्ट फॅरर पार्कपासून सुरू करा.

आता आपल्याच माणसांकडे येतो. जगन्नाथराव भोसले. जन्म १९०६, गाव तिरोडे, तेव्हाचं सावंतवाडी संस्थान, आजचा सिंधुदुर्ग जिल्हा. सँडहर्स्टला शिकून आलेल्या मोजक्या हिंदी अधिकाऱ्यांपैकी एक. सिंगापूर पडलं तेव्हा ते लेफ्टनंट कर्नल होते, म्हणजे तिथे सापडलेल्या हिंदी अधिकाऱ्यांत सर्वांत वरच्या पायरीवरचे. मोहनसिंगांच्या पहिल्या आझाद हिंद सेनेत ते होतेच. २१ ऑक्टोबर १९४३ ला सुभाषबाबूंनी सिंगापुरात हंगामी सरकार जाहीर केलं, त्याच्या मंत्रिमंडळात सैन्याच्या प्रतिनिधींत त्यांचं नाव होतं. पुढे ते मेजर जनरल आणि सेनेचे चीफ ऑफ स्टाफ झाले. युद्ध संपल्यावर इंग्रजांनी त्यांना पकडलं. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये ते रत्नागिरी जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेले, पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले आणि १९५४ मध्ये निर्वासितांच्या मुलांपासून सुरुवात करून त्यांनी राष्ट्रीय शिस्त योजना उभी केली. १९६३ मध्ये ते गेले.

आपल्या व्याख्यानांत भोसले येतात ते याच क्रमाने, पुढे पुढे चढत्या पायऱ्यांसारखे. मधली सर्वांत अवघड पायरी आपण उडी मारून ओलांडता. ती आहे डिसेंबर १९४२. मोहनसिंगांचं जपान्यांशी बिनसलं होतं. जपानी सरकार लेखी हमी देत नव्हतं, सेनेला स्वतंत्र सैन्य न मानता आपल्या मदतनीस तुकडीसारखं वागवू पाहत होतं. कर्नल निरंजनसिंग गिल यांना जपान्यांनी अटक केली. २९ डिसेंबरला मोहनसिंगांनाही पकडलं. त्यांनी सेना बरखास्त केल्याचं आधीच जाहीर करून ठेवलं होतं. युद्ध संपेपर्यंत ते जपान्यांचे बंदी राहिले. म्हणजे ज्यांना इंग्रज जपान्यांचे हस्तक म्हणत होते, त्यांचा पहिला सेनापती जपान्यांच्याच कोठडीत होता. या फाटाफुटीत भोसले इंडियन इंडिपेंडन्स लीगचे नेते रासबिहारी बोस यांच्या बाजूने थांबले. मोडलेली सेना पुन्हा बांधण्यासाठी जे लष्करी खातं उभं केलं त्याचे ते प्रमुख झाले.

त्यांनी असं का केलं? जपान्यांवर त्यांचा विश्वास होता, की सेना मोडली तर हजारो माणसं पुन्हा मजूरछावण्यांत जातील या भीतीने ते थांबले, की आपण सोडलं तर जपानी आपल्याहून वाईट माणूस नेमतील असं त्यांना वाटलं? शाहनवाज खान यांनी खटल्यात सांगितलं होतं की ते सुरुवातीला या सेनेच्या विरोधात होते, कैद्यांचं संरक्षण व्हावं आणि वेळ आलीच तर आतून ती मोडता यावी म्हणून ते आत गेले. सुभाषबाबू आल्यावर त्यांचं मत पालटलं. हेतू असा वळणं घेत जातो. भोसल्यांच्या हेतूचीही अशीच चिकित्सा व्हायला हवी. या प्रश्नाचं उत्तर शोधायला कागद लागतील, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बसावं लागेल, इंग्रजांनी परतलेल्या प्रत्येक कैद्याची जी चौकशी केली तिचे अहवाल वाचावे लागतील. त्या चौकशीत माणसांना 'पांढरे', 'करडे' आणि 'काळे' अशा तीन रंगांत वाटलं होतं. पांढरे म्हणजे निष्ठावंत, करडे म्हणजे दबावाखाली वाकलेले, काळे म्हणजे मनापासून सामील झालेले. भोसल्यांना काळ्यांतून काढून पांढऱ्यांत टाकायचं, एवढंच आपलं चरित्रलेखन करतं. रंगांची वाटणी मात्र इंग्रजांचीच राहते.

आता दुसरं नाव. आपल्यापैकी कितीजणांनी ते भाषणात घेतलं आहे? कॅप्टन के. पी. धारगळकर, थर्ड कॅव्हलरी. आडनावावरून गोव्यातलं पेडण्याजवळचं धारगळ कळतं. तेही सिंगापूरच्या पाडावात कैद झाले. त्यांनी आझाद हिंद सेनेत जायला नकार दिला आणि तिला विरोध केला. त्यांच्याच रेजिमेंटमधले कॅप्टन हरी बधवार यांच्याबरोबर त्यांना जपान्यांनी पिंजऱ्यात ठेवलं. पिंजऱ्यात म्हणजे खरोखरच्या पिंजऱ्यात, माणसाला धड उभं राहता येणार नाही अशा जागेत, कित्येक आठवडे. ते वाकले नाहीत. नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात शाहनवाज, सहगल आणि ढिल्लों यांच्यावर लष्करी खटला उभा राहिला तेव्हा हेच धारगळकर सरकार पक्षाच्या पहिल्या काही साक्षीदारांत होते. पुढे स्वतंत्र भारताच्या सैन्यात ते जनरलपदापर्यंत चढले.

सांगा, या माणसाचं काय करायचं? सारा देश ज्या तिघांच्या सुटकेसाठी रस्त्यावर उतरला होता, त्यांच्याविरुद्ध हा साक्ष द्यायला उभा राहिला. तरीही त्याने देशाशी दगा केला असं मला म्हणता येत नाही. त्याने आपली शपथ मोडली नाही आणि त्यासाठी जे सोसलं ते आपल्यापैकी कोणी सोसलेलं नाही. स्वतंत्र भारतानेही त्याला आपलंच मानलं. भोसले आणि धारगळकर एकाच पराभवात सापडले आणि दोन वेगळ्या वाटांनी गेले. मराठी चरित्रलेखनाने पहिल्याला पुतळ्याच्या चौथऱ्यावर चढवलं आणि दुसऱ्याला गिळून टाकलं. मला वाटतं की आपण दोघांवरही अन्याय केला आहे. भोसल्यांवर तर अधिकच, कारण ज्याच्यासमोर दुसरा रस्ता दिसतच नाही त्याची निवड ही निवड राहत नाही. भोसल्यांनी जे केलं त्याचं वजन धारगळकर समोर असल्याशिवाय कळणार नाही.

धारगळकर एकटे नव्हते. सेनेत न गेलेले हिंदी कैदी हजारांनी होते. त्यांतल्या अनेकांना जपान्यांनी जहाजांत कोंबून न्यू गिनी आणि न्यू ब्रिटनकडे मजुरीला पाठवलं. उपासमार, मलेरिया, मारहाण आणि शिरच्छेद यांतून फार थोडे वाचले. न्यू गिनीच्या जंगलातून १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियन सैनिकांना सापडलेले चिंतसिंग पुढे जपान्यांवरच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांत साक्षीदार झाले. त्यांच्याबरोबर वाचलेले दहाजण घरी परतताना विमान कोसळून गेले. हरबक्षसिंग हेही सिंगापूरचेच कैदी, तेही सेनेत गेले नाहीत. १९६५ च्या युद्धात पश्चिम आघाडीची धुरा त्यांच्याकडे होती. त्या वर्षी पंजाब वाचवणाऱ्या सेनापतीचा सत्कार करताना आपण त्यांच्या कैदेची तीन वर्षं सांगत नाही, कारण ती सांगितली की लगेच विचारावं लागतं की मग ते सुभाषबाबूंच्या सेनेत का गेले नाहीत.

भिवंडीत शिकवताना आणखी दोन नावं मला फार उपयोगी पडतात. पॉवरलूमच्या या शहरात अन्सारी हे आडनाव गल्लोगल्ली आहे. हाँगकाँगला कैद झालेले राजपूत रेजिमेंटचे कॅप्टन मतीन अहमद अन्सारी हे हैदराबादच्या राजघराण्याशी नात्याने जोडलेले होते. जपान्यांना वाटलं की संस्थानिकांच्या घरातला माणूस आपल्या बाजूने आला तर बाकीचे येतील. त्यांनी नकार दिला, छळ सोसला, छावणीत पळून जाण्याच्या बेताला मदत केली आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांचा वध झाला. दुसरे बहावलपूरच्या फौजेतले कॅप्टन महमूद खान दुर्रानी. त्यांनी जपान्यांना सामील झाल्यासारखं दाखवलं, भारतात पाठवायच्या हेरांच्या प्रशिक्षणाचं काम अंगावर घेतलं आणि तो बेत आतून पोखरला. जपान्यांच्या लक्षात आल्यावर त्यांचा भयानक छळ झाला, तरी त्यांनी साथीदारांची नावं दिली नाहीत. दोघांनाही १९४६ मध्ये जॉर्ज क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक जाहीर झालं. दुर्रानींना १९४३ मध्ये बाहेरून पाहणाऱ्याने शंभर टक्के फितूर म्हटलं असतं. छावणीतल्या माणसावर बाहेरून शिक्का मारणं किती धोक्याचं आहे हे मुलांना सांगायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही. शाहनवाज खान एका बाजूला, अन्सारी आणि दुर्रानी दुसऱ्या बाजूला, भोसले इकडे, धारगळकर तिकडे. ही यादी वर्गाच्या फळ्यावर लिहिली की धर्मावरून निष्ठा ठरवायची सवय असलेला मुलगा गप्प होतो. १९८४ ची दंगल ज्या शहराने पाहिली तिथे या यादीची किती गरज आहे ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

आपल्या लिखाणातली आणखी एक मोठी गाळलेली जागा म्हणजे अंदमान. मराठी वाचकाला अंदमान पाठ आहे, सेल्युलर जेलची एकेक कोठडी त्याला माहीत आहे. ३० डिसेंबर १९४३ ला सुभाषबाबूंनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, हेही आपण दरवर्षी सांगता. त्याच दिवसांत त्याच सेल्युलर जेलमध्ये, बेटांचा ताबा घेतलेल्या जपान्यांनी हिंदी माणसांना हेरगिरीच्या संशयावरून डांबलं होतं आणि त्यांचा छळ चालू होता. डॉक्टर दिवाणसिंग, जे स्वतः तिथल्या इंडियन इंडिपेंडन्स लीगचे प्रमुख होते, ते जपान्यांच्या मारहाणीने जानेवारी १९४४ मध्ये मरण पावले. त्याच महिन्याच्या ३० तारखेला होमफ्रेगंजला ४४ जणांना रांगेत उभं करून गोळ्या घातल्या गेल्या. मी सुभाषबाबूंना कमी लेखण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांच्यावर माझी श्रद्धा आहे आणि ती हे लिहून ढळत नाही. पण शत्रूशी हातमिळवणी केल्याचा आरोप खोडायचा असेल तर तो शत्रू काय करत होता हे पूर्ण सांगावं लागतं. ते लपवून खोडलेला आरोप पुन्हा पुन्हा वर येतो. हल्ली तर मुलांच्या हातातल्या मोबाइलवर तो रोज येतो, अर्ध्या माहितीनिशी आणि पूर्ण द्वेषानिशी. आपण आधीच सगळं सांगितलं असतं तर माझ्यासारख्याला त्याला उत्तर देणं सोपं गेलं असतं.

लाल किल्ल्याचा खटला आपण चांगला सांगता, हे मान्य करतो. ५ नोव्हेंबर १९४५ ला तो सुरू झाला, ३१ डिसेंबरला निकाल लागला. राजाविरुद्ध युद्ध पुकारण्याचा आरोप तिघांवर सिद्ध धरला गेला. शिक्षा काळ्या पाण्याची आणि बडतर्फीची. ३ जानेवारी १९४६ ला सरसेनापती ऑकिनलेक यांनी जन्मठेप माफ केली, बडतर्फी कायम ठेवली. बचावाला मुंबईचे भुलाभाई देसाई उभे होते आणि सरकारतर्फे मुंबईचेच सर नौशेरवान इंजिनीअर, म्हणजे एका अर्थी हा मुंबई हायकोर्टाच्या दोन वकिलांमधला वाद होता. भुलाभाईंनी तब्येत साथ देत नसताना केलेला युक्तिवाद मी दरवर्षी मुलांना समजावून सांगतो. परक्या सत्तेखालच्या लोकांना स्वातंत्र्यासाठी युद्ध करण्याचा हक्क आहे, त्यांनी रीतसर सरकार आणि रीतसर सैन्य उभं केलं असेल तर त्या सैनिकाला साधा बंडखोर म्हणता येत नाही, हे त्यांनी आंतरराष्ट्रीय कायद्याच्या आधारे मांडलं. मे १९४६ मध्ये ते गेले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मुंबईच्या 'तलवार' या नौदलाच्या किनाऱ्यावरील केंद्रापासून नाविकांचं जे बंड पसरलं त्यातल्या मागण्यांतही आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका होती. इथवर सगळं आपल्या पुस्तकांत असतं.

मात्र आपण ऑकिनलेकांच्या माफीवर पुस्तक मिटता. पुढचं पान मुलांना कोणी दाखवत नाही. १५ ऑगस्ट १९४७ नंतर आझाद हिंद सेनेतल्या माणसांना सैन्यात परत घेतलं गेलं नाही. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सरकारने १९४८ मध्ये तसा निर्णय घेतला. त्यांच्यावरचा डाग काढला, दुसऱ्या सरकारी नोकऱ्यांचे दरवाजे उघडले, पण फौजेचा दरवाजा बंदच ठेवला. सैन्यातले वरिष्ठ अधिकारी त्यांच्या परतीच्या विरोधात होते, कारण त्या सैन्यात धारगळकर होते, हरबक्षसिंग होते, इम्फाळजवळच्या सांगशाकला मार्च १९४४ मध्ये जपान्यांशी झुंजलेली मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. कोकणातल्या आणि साताऱ्याकडच्या कितीतरी घरांतले मुलगे त्या पलटणीत होते. भोसल्यांची सेना त्याच मोहिमेत डोंगराच्या पलीकडे होती. ज्या गावांतून दोन्हीकडे माणसं गेली त्या गावांनी हे कसं पचवलं, यावर मराठीत काही लिहिलं जावं अशी माझी फार इच्छा आहे. आझाद हिंद सैनिकांना स्वातंत्र्यसैनिकांचं निवृत्तिवेतन मिळू लागलं ते १९७२ मध्ये. तोवर पंचवीस वर्षं गेली होती. भोसले उपमंत्री झाले म्हणून सगळ्यांचंच भलं झालं असं मुलांना वाटतं. साध्या शिपायाचं काय झालं, त्याला गावात परतल्यावर लोक काय म्हणाले, त्याचा पगार बुडाला तो बुडालाच का, हे आपण विचारलं पाहिजे होतं. विचारायला हवी ती माणसं आता राहिलेली नाहीत. त्यांची मुलं-नातवंडं आहेत, त्यांच्याकडे पत्रं आणि कागद असू शकतात. तालुक्याच्या गावाला जाऊन ते गोळा करण्याचं काम वाट पाहू शकत नाही.

संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने प्रा. प्रतुलचंद्र गुप्त यांच्या देखरेखीखाली १९४९-५० मध्येच आझाद हिंद सेनेचा इतिहास लिहून घेतला होता. तो अनेक दशकं छापला गेला नाही. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज झाले, केंद्रीय माहिती आयोगाने तो खुला करायला सांगितलं, मंत्रालय कोर्टात गेलं. या लढ्यात मराठी इतिहासलेखकांचा आवाज मला ऐकू आला नाही. सुभाषबाबूंच्या मृत्यूच्या गूढावर आपण इतकी पुस्तकं लिहिलीत, त्यातला थोडा जोर या हस्तलिखितासाठी लावला असता तर जगन्नाथराव भोसल्यांवर लिहायला आपल्याला पक्का आधार मिळाला असता.

कोणी म्हणेल की हे सगळं १९४५ चं आहे, आज काय त्याचं? त्यांच्यासाठी ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी यांचं नाव घेतो. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये नामका चू नदीवर त्यांच्या ब्रिगेडची धूळधाण झाली आणि २२ ऑक्टोबरला ते चिन्यांच्या हाती लागले. मे १९६३ मध्ये सुटून ते भारतात उतरले तेव्हा स्वागत झालं, पण त्या स्वागतात संशय होता. चिन्यांनी यांचं मत फिरवलं तर नाही ना, हे पाहण्यासाठी त्यांची आणि त्यांच्याबरोबरच्या अधिकाऱ्यांची चौकशी झाली. आपण अजूनही निष्ठावंत आहोत हे त्यांना आपल्याच सैन्याला पटवून द्यावं लागलं. त्यांनी कोणतंही सहकार्य केलेलं नव्हतं, त्यांना पुरेसं सैन्य, बूट आणि दारूगोळा न देता त्या दरीत पाठवणाऱ्यांचा दोष तिथे होता. त्यांनी १९६९ मध्ये 'हिमालयन ब्लंडर' लिहून आपली बाजू मांडली. प्रत्येक कैद्याला पुस्तक लिहिता येत नाही. कैदेतून परतलेल्या माणसाकडे आपण अजूनही डोळे बारीक करून पाहतो, आणि ही सवय मोडायचं काम इतिहासकाराचं आहे.

आपल्या १९५० च्या सेना कायद्यातही युद्धकैदी झाल्यावर स्वेच्छेने शत्रूची सेवा करणं हा मृत्युदंडापर्यंत जाऊ शकणारा गुन्हा आहे, आणि तो असायला हवा असं मला वाटतं. पण कायद्यालासुद्धा आधी हे ठरवावं लागतं की माणसाने ते स्वेच्छेने केलं का. त्यासाठी कोर्ट साक्षी काढतं, दोन्ही बाजू ऐकतं. आपण चरित्रकार एवढेही कष्ट घेत नाही आणि निकाल मात्र देऊन मोकळे होता. माझं मत विचाराल तर भोसले फितूर नव्हते. त्यांनी परक्या राजाची शपथ मोडली आणि ती मोडण्याला नैतिक आधार होता. जपान्यांबरोबर काम करताना त्यांनी किती तडजोड केली आणि ती करायला हवी होती का, हा प्रश्न मात्र अजून उघडा आहे. तो उघडा आहे हे लिहिण्याने त्यांची उंची कमी होत नाही.

तर आपल्याकडे मागणी अशी आहे. पुढच्या २३ जानेवारीला आपण भिवंडी, कल्याण किंवा ठाण्याच्या एखाद्या शाळेत बोलायला याल तेव्हा मुलांना फॅरर पार्कचं मैदान सांगा, मोहनसिंगांची अटक सांगा, मतीन अन्सारींचं नाव घ्या, होमफ्रेगंज वगळू नका. मुलांनी अवघड प्रश्न विचारला तर त्यांना गप्प करू नका. वेळ कमी असेल तर भुलाभाईंच्या युक्तिवादाची चार वाक्यं कमी करा, पण न्यू गिनीला गेलेल्यांचा उल्लेख राहू द्या. प्रकाशकांनो, आपल्याकडे अशी हस्तलिखितं येत असतील तर ती विकली जाणार नाहीत म्हणून परत पाठवू नका. आमच्या पूर्ण्याच्या गोदामांत देशभरचा माल येऊन पडतो, त्यात अशी पुस्तकं आलेली मला पाहायची आहेत. आणि आपल्यापैकी जो कोणी जगन्नाथराव भोसल्यांचं मोठं चरित्र लिहायला घेईल, त्याने त्यात कॅप्टन धारगळकरांवर एक पूर्ण प्रकरण लिहावं, त्यांच्या लाल किल्ल्यातल्या साक्षीसकट.

आपला,
इतिहासाचा एक शिक्षक
पूर्णा, ता. भिवंडी, जि. ठाणे